खोडलेल्या चाली

बाळाराम केणेने चाल लिहिली, मान वर केली, थोडा थांबला आणि लिहिलेली चाल खोडली. मग दुसरी लिहिली. पुन्हा मान वर. ही दुसरी मात्र त्याने पटावर खेळली आणि घड्याळाची कळ दाबली.

"बघितलंत?" सबनीस खुर्चीतून उठून माझ्याजवळ आले. आवाज खाली, पण हनुवटी बाळारामच्या दिशेला. "मघापासून हेच चाललंय. लिहितो, माझ्या खांद्यावरून मागे बघतो आणि चाल बदलतो. आत्ता घोडा लिहिला होता, तो खोडून उंट केला. बाई, माझ्यामागच्या खिडकीत कोण उभा आहे ते जरा बघा."

"बघते. तुमचं घड्याळ चालू आहे."

ते लगबगीने जागेवर गेले.

भिवंडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये ही स्पर्धा होती. सत्तरच्या दशकाची अखेर. मी त्याच गावात दुसऱ्या शाळेत गणित शिकवायची आणि जिल्ह्याच्या बुद्धिबळ स्पर्धांना पंच म्हणून जायची. पंचाचं काम ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात घड्याळांना चावी द्यायची, मोहरी मोजून ठेवायची, जोड्यांची यादी भिंतीवर लावायची आणि कोणी ओरडलं तर धावत जायचं. माझ्या याद्या चोख असत, म्हणून मला बोलावत. बाई पंच म्हणून सुरुवातीला काही भुवया वर गेल्या होत्या. नंतर सवय झाली.

आजची फेरी शेवटची होती. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती या एका टेबलावर ठरणार होती. सबनीस अर्ध्या गुणाने पुढे. त्यांना बरोबरी पुरत होती. बाळारामला जिंकावंच लागणार होतं.

सबनीस बँकेत हेडक्लार्क. बरीच वर्षं जिल्ह्याच्या संघात होते आणि ती जागा आपल्या टेबलखुर्चीसारखी आपलीच, असं त्यांना वाटे. बाळाराम खारबावचा, पंचविशीतला. मागाच्या कारखान्यात कामगार. मुंबईच्या एका गिरणीचा क्रीडा अधिकारी त्या दिवशी हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसला होता. त्याने बाळारामला आधीच सांगून ठेवलं होतं, जिल्ह्याच्या संघात ये, मग आमच्या संघात घेतो आणि स्टोअरमध्ये कायम करतो. बाळारामचा डावा कान मागांच्या आवाजाने गेला होता. उजव्याचं काय होणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. माग सोडायचे तर दुसरं काम हवं. ते काम त्या पहिल्या रांगेत बसलं होतं. ही गोष्ट हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होती, सबनीसांनाही.

आता त्या कागदाबद्दल सांगते. स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला स्वतःची आणि समोरच्याची प्रत्येक चाल एका छापील कागदावर लिहावी लागते. त्याला स्कोअरशीट म्हणतात. भांडण झालं की निकाल त्यावरून लागतो. आमच्याकडे काही जण चाली इंग्रजीत लिहीत, काही मराठीत. घोड्याला घो, उंटाला उं आणि पुढे घराचा नंबर. त्या कागदावर चालींखेरीज काही लिहायचं नाही. टिपणं नाहीत, खुणा नाहीत. पण चाल खेळून मग लिहावी की आधी लिहून मग खेळावी, याबद्दल नियम गप्प होता. उलट जुने खेळाडू नवख्यांना शिकवत की आधी लिही, मग पटाकडे पुन्हा एकदा बघ आणि मगच हात लाव. कारण मोहऱ्याला हात लागला की तेच खेळावं लागतं. कागदावर खोडता येतं.

म्हणजे लिहिणं गुन्हा नव्हता आणि खोडणंही नव्हतं. पण लिहून वर बघणं मला आवडलं नाही. मी शाळेत वर्षानुवर्षं परीक्षेच्या वर्गावर उभी राहिलेली बाई. उत्तर लिहून वर बघणारा मुलगा फळ्याकडे बघत नसतो, हे मला माहीत आहे.

खिडकीत खरोखरच एक माणूस होता. दाढी, लुंगी, बनियनवर चिकटलेले कापसाचे पुंजके. गजांना धरून आत बघत होता. मी बघत असतानाच त्याने बाळारामकडे बघून हाताची मूठ केली, उघडली, मग दोन बोटं आडवी फिरवली. बाळारामने किंचित मान हलवली.

मी सरळ बाहेर गेले.

"क्या इशारा कर रहे थे?"

तो दचकला. "कुछ नहीं बाईजी. बाळाराम का जोडीदार हूँ. अन्सारी. उसके माग आज मैं देख रहा हूँ."

"फिर यहाँ क्या कर रहे हो?"

"लाइट गई है कारखाने की. माग बंद. तो सोचा देख आऊँ, जीत रहा है कि हार रहा है."

"और ये बोटं?"

"वही बोला उसको. लाइट गई, माग बंद, तू आराम से खेल." त्याने मूठ करून उघडून दाखवली. "कारखाने में ऐसे ही बोलते हैं. उधर कान का क्या काम, बाईजी? आदमी का मुँह देखो, हाथ देखो, समझ जाओ."

मी त्याला माझ्या हातातला कागद दाखवला. भिंतीवर लावायची जोड्यांची यादी होती, मराठीत. "ये पढो."

"मराठी नहीं आती. उर्दू आती है थोडी."

बुद्धिबळ येतं का, ते विचारलं. कॅरम येतो म्हणाला.

वाचता येत नाही म्हणणारा माणूस खोटं सांगत असू शकतो, हेही मी धरून चालते. मी त्याला फाटकाबाहेर जायला सांगितलं आणि खिडकी लावून घेतली. तो कुरकुरला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "उसको बोलना, लाइट अभी नहीं आई."

"मैं किसी को कुछ नहीं बोलूँगी," मी म्हटलं.

आत आले तर भोईरशेठ वाट बघत होते. वळ गावचे मोठे जमीनवाले, स्पर्धेचा खर्च त्यांचा. पांढरा सदरा, हातात चहाचा ग्लास.

"बाई, काय लफडं झालं?"

"अजून काही नाही. तक्रार आहे."

"माणूस काढलात ना बाहेर? मंग मिटलं. गिरणीचे साहेब बसलेत. त्यांच्यासमोर आपल्या गावची शोभा नको."

"शेठ, मिटलं की नाही ते पुढच्या चालीला कळेल."

पुढच्या चालीला बाळारामने लिहिलं, वर बघितलं, खोडलं.

खिडकी बंद होती. तरी त्याने वर बघितलं.

मग मी माझी नेहमीची पद्धत लावली. बाळारामला दिसू शकेल अशा प्रत्येकाची मनात यादी केली आणि एकेकाला वगळत गेले. चहावाला त्या बाजूने फिरत होता, त्याला मी सबनीसांच्या पाठीमागून यायला मनाई केली. दोन प्रेक्षक त्या भिंतीला टेकून उभे होते, त्यांना दुसऱ्या टोकाला बसवलं. गिरणीचा अधिकारी उरला. त्याच्यावरही माझा संशय गेला, कारण खेळाडू त्यालाच हवा होता. पण तो बाळारामच्या मागच्या बाजूला बसून वर्तमानपत्र वाचत होता, आणि त्याला बघायला बाळारामला पूर्ण वळावं लागलं असतं. शेवटी सबनीसांच्या मागे रिकामी भिंत आणि मी, एवढंच राहिलं.

बाळारामने पुन्हा लिहिलं, वर बघितलं. या वेळी खोडलं नाही. खेळला.

सबनीस परत उठून आले. "बाई, खोडलेली चाल म्हणजे टिपणच झालं ना? दोन चाली लिहून ठेवायच्या, त्यांतली एक निवडायची. नियमात बसतं का हे?"

"खोडलेली चाल ही खोडलेली चाल आहे. टिपण नाही."

"तुम्ही कागद तरी तपासा."

मी गेले, बाळारामच्या पाठीमागे उभी राहिले आणि त्याचा कागद बघितला. मोठं, ठळक अक्षर. चौथीच्या मुलाने पाटीवर काढावं तसं. चाली, आणि मधे मधे आडवी रेघ मारलेल्या चाली. तिसरं काही नाही. समासात खूण नाही, ठिपका नाही. मी हॉलमध्ये इतर सगळीकडे उभी राहिले होते. इथे पहिल्यांदा उभी राहिले, आणि सबनीस जागेवर येऊन बसल्यावर त्यांचा चेहरा मला पहिल्यांदाच समोरून दिसला.

सबनीस चाल खेळले. बाळारामने बराच वेळ घेतला. मग कागद ओढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, हत्ती अमुक घरात.

सबनीसांचे डोळे पटावर नव्हते. ते सरळ त्या कागदावर आले. उलटं वाचायला त्यांना अडचण नव्हती, बँकेत काउंटरपलीकडचा फॉर्म उलटा वाचून वाचून सवय झालेली. वाचलं. मग त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, छोटा पितळी डबा निघाला आणि चिमूटभर बडीशेप तोंडात गेली.

बाळारामने हत्ती खोडला.

त्याने वजिराची चाल लिहिली. सबनीसांनी वाचली. डबा टेबलावर होता, पण हात तिकडे गेला नाही. हात गेला कॉलरकडे. एक बोट आत घालून कॉलर सैल केली आणि तोंडातली बडीशेप चावायची थांबली.

बाळारामने वजीर उचलला आणि खेळला.

मी तिथेच उभी राहिले. पुढची चालही बघितली. पुन्हा तेच. सबनीसांच्या सोयीची चाल असली की बडीशेप येई आणि ती चाल खोडली जाई, अडचणीची असली की कॉलर सैल होई आणि ती खेळली जाई. मघापासून मी हॉलभर ज्याला शोधत होते तो इशारा देणारा सापडला होता. तो बाळारामच्या समोर बसला होता आणि त्यानेच तक्रार केली होती.

आता पंचाची अडचण बघा. सबनीसांना सांगावं की तुमचा चेहरा आवरा, तर मी चालू डावात एका खेळाडूला मदत केली असं होतं. बाळारामला सांगावं की असं करू नकोस, तर काय करू नकोस? समोरच्याच्या तोंडाकडे बघू नकोस, असा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. आधी लिहिणं त्याचा हक्क होता. वर बघणंही. आणि सबनीसांचं उलटं वाचणं? तेही कुठे मना नव्हतं. समोरचा काय खेळणार हे त्यांना आधी कळत होतं आणि त्यावर ते त्याच्या वेळात विचार करत होते. दोघे एकमेकांचं खात होते आणि दोघांनाही वाटत होतं की फक्त आपणच खातोय.

मी भोईरशेठना बाजूला घेतलं.

"शेठ, कापडाच्या ताग्यात घालतात तो पुठ्ठा मिळेल का? दोन तुकडे हवेत."

"पुठ्ठा? इथं भिवंडीत?" ते हसले. "ट्रकभर देतो. पण कशाला?"

"कागद झाकायला."

"आता हे काय नवीन?"

"सबनीसांची तक्रार आहे की कागद बाहेरच्यांना दिसतो. झाकला की तक्रार मिटेल. तुम्हाला मिटवायचंच होतं ना?"

पुठ्ठे आले. मी घड्याळ थांबवलं आणि दोघांसमोर एकेक ठेवला. "तक्रार आली आहे की लिहिलेली चाल लोकांना दिसते. यापुढे दोघांनीही चाल लिहिली की पुठ्ठ्याने झाकायची. आधी लिहा की नंतर लिहा, तुमची मर्जी. पण झाकायची."

बाळारामने पुठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं तोंडही तो वाचत असावा. मी ते शक्य तितकं कोरं ठेवलं.

"बाई," सबनीस म्हणाले, "याची गरज नाही."

"का? तुमचीच तक्रार आहे."

"तक्रार मागच्या माणसाबद्दल होती. तो गेला. आता कशाला उगाच झाकाझाक?"

"तो गेल्यावरही तुम्ही आलात. म्हणून कायमचा बंदोबस्त."

"अहो, पण मग मला कसं दिसणार?"

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या. मला मघाचं त्यांचं वाक्य आठवलं. घोडा लिहिला होता, तो खोडून उंट केला. मी ते ऐकलं होतं आणि पुढे गेले होते. त्यांना ते कसं कळलं, हे विचारलंच नव्हतं.

"चाल पटावर दिसते, सबनीस," मी म्हटलं. "सगळ्यांनाच." आणि घड्याळ चालू केलं.

पुढचा खेळ वेगळाच झाला. बाळाराम लिही, झाकी, सवयीने वर बघे. समोर सबनीस पुठ्ठ्याकडे बघत बसलेले. त्यांच्या तोंडावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण त्यांनी काही वाचलंच नव्हतं. पहिल्या काही चाली बाळाराम चाचपडला. एक प्यादं फुकट गेलं. गिरणीच्या अधिकाऱ्याने वर्तमानपत्राची घडी घातली आणि पुढे सरकून बसला. मला वाटलं, माझ्या पुठ्ठ्याने या पोराचं काम घालवलं.

पण पुठ्ठा दोघांसमोर होता. सबनीसांना आता प्रत्येक चाल नवी येत होती. आधी ते समोरच्याच्या घड्याळावर विचार करून तयार असायचे. आता स्वतःच्या घड्याळावर करायला लागले, आणि ती सवय त्यांची मोडली होती. बुद्धिबळाचं घड्याळ दोन तोंडांचं असतं, ज्याची पाळी त्याचा काटा चालतो. तास भरत आला की काटा एक लाल झेंडी उचलत जातो आणि वेळ संपली की ती खाली पडते. ठरलेल्या चाली त्याआधी झाल्या नसतील तर डाव गेला. सबनीसांची झेंडी उचलली जाऊ लागली. त्यांनी ती बघितली, पटाकडे बघितलं, पुठ्ठ्याकडे बघितलं. ही तिसरी नजर त्यांना महागात पडत होती.

बाळारामने त्या वेळी एक गोष्ट केली. त्याने आधी लिहिणं बंद केलं. पेन बाजूला ठेवलं, हात मांडीखाली घातले आणि नुसता पट बघत राहिला. मग हत्ती हलवला, कळ दाबली आणि त्यानंतर लिहिलं.

सबनीसांना एक प्यादं जास्त होतं. वेळ असता तर त्यांनी बरोबरी नक्की केली असती, कदाचित जिंकलेही असते. हे मी आजही म्हणते. पण हात वजिरावर आणि डोळे घड्याळावर असताना झेंडी पडली.

"वेळ संपली," मी म्हटलं. "डाव केणेंचा."

बाळारामला बहुतेक ऐकू आलं नाही. त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं. त्याने दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले आणि तसाच बसून राहिला.

सबनीस उठले. मानेपर्यंत लाल. "मी अपील करणार. मधेच नियम बदलला गेला. माझं नुकसान झालं."

"जरूर. अपील लेखी लागतं. तुमचं नुकसान नेमकं कशामुळे झालं ते स्पष्ट लिहायचं. मी जिल्ह्याला पाठवते." मी त्यांना कोरा कागद आणि पेन दिलं.

ते कोपऱ्यातल्या बाकावर बसले. मी इतर टेबलांचे निकाल लिहीत होते, पण एक डोळा तिकडे होता. त्यांनी झरझर सुरुवात केली. महोदय, अमुक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पंचांच्या आदेशामुळे प्रतिस्पर्ध्याची स्कोअरशीट झाकली गेली, त्यामुळे मला. इथे पेन थांबलं. त्यांनी तेवढंच वाचून बघितलं. बडीशेपेचा डबा काढला, उघडला नाही, परत खिशात ठेवला. मग कागदाची चौघडी केली, तीही खिशात घातली आणि मला नमस्कार करून निघून गेले. अपील आलं नाही.

भोईरशेठ खुश होते. गिरणीच्या साहेबांनी बाळारामच्या पाठीवर थाप मारली, पत्ता लिहून घेतला. हॉल रिकामा व्हायला लागला. मी मोहरी मोजून पेटीत भरत होते, तेव्हा बाळाराम त्याचा पुठ्ठा परत द्यायला आला.

"बाई, ह्यो तुमचा."

"शेठचा आहे. ठेवा तिकडे." मग माझ्याने राहवेना. "केणे, एक विचारते. खरं सांगा. निकाल लागलाय, तो बदलणार नाही. त्या खोडलेल्या चाली तुम्ही मुद्दाम लिहीत होता?"

तो जरा हसला. "पयल्या दोन खऱ्या होत्या."

"आणि नंतरच्या?"

"पयल्या दोन येळी बघितला, मी लिवला का ह्यांचा डबा निघतो. मंग म्हटला, बघावा तरी." त्याने खांदे उडवले. "कारखान्यात मुकादम काय बोलतो ते ऐकू येत न्हाय, बाई. त्याचा तोंड बघूनच आमी दिवस काढतो. समोरचा माणूस तोंडानं सगला सांगतो, तर मी डोले मिटून बसू काय?"

तो लबाड होता का? थोडा. सबनीस होते का? तेही, आणि वर तक्रार करणारे. फाटकाबाहेर अन्सारी उभा होता. बाळारामने लांबूनच त्याला हाताने काहीतरी सांगितलं. ते काय होतं ते मला समजलं नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी ते शोधायला गेले नाही.

तो पुढे गिरणीत लागला. स्टोअरमध्ये. एकदा येऊन पेढे देऊन गेला. कान होता तेवढा राहिला म्हणाला.

माझ्या स्पर्धांमध्ये त्यानंतर मी एक सूचना भिंतीवर लावायला लागले. आधी चाल खेळा, मग लिहा. नियमपुस्तकात ती तेव्हा नव्हती, पण कोणी हरकत घेतली नाही. दुसरी गोष्ट मी भिंतीवर लावत नाही, स्वतःपुरती पाळते. तक्रार आली की तक्रार करणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं नाही. त्याच्या समोर उभं राहायचं.

पुढच्या वर्षी सबनीस पुन्हा खेळायला आले. हॉलमध्ये, भर दुपारी, काळा गॉगल लावून. गोष्ट गावभर झाली होती, त्यांच्यापर्यंत अर्धीच पोचली असावी. मला विचारलं, गॉगलला काही हरकत?

मी म्हटलं, नाही.

ते बसले, मोहरी नीट केली, आणि बडीशेपेचा डबा टेबलावर, घड्याळाशेजारी ठेवला. समोरच्याचा हात चुकीच्या मोहऱ्याकडे जायला लागला की डबा उघडायचा. मी दिवसभर बघत होते. पण चालू डावात पंचाने खेळाडूला काही सांगायचं नसतं.